वाचकांचे प्रश्न : फुटलेली काच, उघडी भिंत आणि रात्री बोलावलेला सुतार

वादळ, चोरी, अपघात किंवा आग यांमुळे मोडलेली दारे-खिडक्या तातडीने प्लाय किंवा पत्रा लावून बंद करण्याच्या खर्चाबद्दल नागपुरातील चार वाचकांनी विचारले आहे. चारही पत्रांचा विषय एकच असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : धरमपेठेत माझे कपड्यांचे दुकान आहे. दर्शनी बाजूला १० फूट रुंद आणि ८ फूट उंच अशी १२ मिलिमीटर जाडीची टफन्ड (भट्टीत तापवून कणखर केलेली) काच होती. दुकान चांगले दिसावे म्हणून बाहेरचे शटर आम्ही गेल्या वर्षी काढून टाकले होते. मागील महिन्यात रात्री एकच्या सुमारास एक मोटार पदपथावर चढून काचेवर आदळली. ओळखीच्या एका सुताराला झोपेतून उठवून मी प्लाय लावून घेतले आणि त्याने मागितलेली ठोक रक्कम दिली. सकाळी दुसरा सुतार म्हणाला की, हेच काम त्याने एक तृतीयांश रकमेत केले असते. माझी फसवणूक झाली का?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून तसे म्हणता येत नाही. सकाळी आलेल्या सुताराने ज्या कामाचा भाव सांगितला, ते रात्री झालेले काम नव्हेच. त्याला दिसली ती झाडून स्वच्छ केलेली जागा, दिवसाचा उजेड, उघडलेली दुकाने आणि समोर उभे असलेले तयार काम.

इंग्लंड-अमेरिकेत अशी उघडी पडलेली जागा बंद करून देणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. तेथे रात्री येण्याचा आकार (शुल्क), पहिल्या तासाची किमान मजुरी आणि सामान या रकमा सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. आपल्याकडे या कामासाठी वेगळा माणूस नसतो, त्यामुळे सुतार, फॅब्रिकेशनवाला किंवा काचवाला यांच्यापैकी ज्याचा फोन लागेल तोच येतो आणि सगळे मिळून एकच आकडा सांगतो. त्या आकड्यात काय काय दडलेले आहे हे उलगडून पाहिल्याशिवाय तो महाग की स्वस्त हे ठरवता येत नाही. प्लायचे भाव वरचेवर हलत असल्यामुळे मी येथे रुपयांचे आकडे छापत नाही. ज्या मोजमापावरून रुपये निघतात ते मात्र सविस्तर देतो.

सर्वांत आधी काचेचा हिशेब पाहू, कारण तो सहसा कोणीच मांडत नाही. एक मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे अडीच किलो भरते. आपली काच सुमारे साडेसात चौरस मीटर आणि १२ मिलिमीटर जाड होती, म्हणजे तिचे वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास होते. टफन्ड काच फुटली की तिचे हरभऱ्याएवढे तुकडे होतात आणि ते शोकेसमध्ये, कपड्यांच्या घड्यांत आणि पदपथाच्या फटींतही जाऊन बसतात. हा ढीग पोत्यांत भरून बाजूला करणे हे दोन माणसांचे दीड-दोन तासांचे काम आहे. ते रात्री कोणी केले, हे आपल्या पत्रात नाही. सुताराच्या माणसांनी केले असेल, तर रकमेचा एक मोठा भाग तेथेच गेला आहे. काच साधी असती तर प्रश्न आणखी निराळा झाला असता, कारण साध्या काचेचे सुरीसारखे लांब तुकडे वरच्या चौकटीत अडकून लोंबत राहतात आणि ते उतरवल्याशिवाय खाली कोणाला उभे करता येत नाही.

आता प्लायकडे वळू. बाजारात मिळणारा प्लाय ८ फूट बाय ४ फुटांचा, म्हणजे ३२ चौरस फुटांचा असतो. आपली मोकळी जागा ८० चौरस फुटांची असल्यामुळे कागदावर अडीच प्लाय पुरतात. प्रत्यक्षात मात्र तीन घ्यावे लागतात, कारण अर्धा प्लाय दुकानदार विकत नाही आणि दोन्ही बाजूंना भिंतीवर निदान चार-चार इंच चढवावे लागते. तीन प्लाय उभे लावले की १२ फूट रुंदी होते आणि आपल्याला हवी असते १० फूट ८ इंच. येथपर्यंत सरळ आहे. परंतु जागेची उंची ८ ऐवजी ९ फूट असती तर क्षेत्रफळ १० चौरस फुटांनीच वाढले असते आणि प्लाय मात्र तीनाचे चार झाले असते, कारण वर एक फूट चार इंचांची पट्टी लागली असती. तिसऱ्या प्लायमधून नेमकी सोळा इंच रुंद आणि आठ फूट लांब पट्टी उरते. ती वर आडवी लावली तरी दोन फूट आठ इंच जागा उघडी राहतेच. हुशार सुतार एवढा तुकडा आपल्या जुन्या सामानातून काढतो आणि गिऱ्हाइकाचा एक प्लाय वाचवतो. दुसरा सुतार चौथा प्लाय फाडून तीन चतुर्थांश भाग घरी घेऊन जातो. आपल्या बिलात किती प्लाय धरले आहेत ते पाहावे. तीनाहून अधिक असतील तर उरलेले तुकडे कोठे आहेत, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

जाडी आणि प्रत यांनीही रक्कम हलते. चोरीची भीती असलेल्या तळमजल्यावर १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय लावणे योग्य ठरते. वरच्या मजल्यावर केवळ पाऊस-वारा अडवायचा असेल तर १२ मिलिमीटर पुरतो. प्रतीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा गिऱ्हाईक घाबरून जास्त खर्च करते. भारतीय मानक ३०३ मध्ये साध्या वापराचा प्लाय येतो आणि ७१० मध्ये मरीन प्लाय. दहा-बारा दिवसांसाठी लावायच्या फळीला मरीन प्लाय घेण्याचे काही कारण नाही. पावसाळ्यात साध्या प्लायच्या कडा फुगतात हे खरे. पण कापलेल्या कडांवर ऑइलपेंटचा हात मारला की तेवढे दिवस सहज निघतात. दिवस किती, हे काचेवर अवलंबून असते. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, तिला नंतर भोकही पाडता येत नाही. त्यामुळे माप घेऊन, कापून, भोके पाडून मग ती भट्टीत घालावी लागते आणि नवी काच येईपर्यंत फळीला उभे राहावेच लागते.

माझ्या मते खरी किंमत फळीत नसून फळी कशी धरली आहे यात असते. नुसते खिळे ठोकलेला १८ मिलिमीटरचा प्लाय पहारीच्या एका हिसक्यासरशी निघतो. भिंतीत ड्रिलने भोक पाडून, प्लग घालून स्क्रू आवळले तर काम बरे होते. परंतु स्क्रूचे डोके बाहेर राहते आणि पेचकस चोराकडेही असतो. उत्तम रीत अशी की, आतल्या बाजूस जाड लाकडी रिपा आडव्या ठेवायच्या, बाहेरून गोल गुळगुळीत डोक्याचे बोल्ट प्लायमधून आरपार घालायचे आणि नट आतून आवळायचे. यात चौकटीला किंवा ॲल्युमिनियमच्या सेक्शनला (चौकटीच्या पट्टीला) एकही भोक पडत नाही, त्यामुळे नवी काच बसवताना सेक्शन बदलण्याचा खर्चही वाचतो. या पद्धतीला सामान थोडे अधिक लागते आणि वेळ दुप्पट लागतो. शिवाय सर्व नट आतून आवळल्यावर बाहेर कसे पडायचे, हा प्रश्न उरतो! दुकानाला दुसरे दार नसेल तर एका प्लायला बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा लावून त्याचे दार करावे लागते आणि त्याची मजुरी वेगळी असते. आपल्या सुताराने असे दार केले असेल तर त्याचे काम सकाळच्या सुताराच्या तोंडी हिशेबात बसणारच नाही.

राहिली रात्र. रात्री एक वाजता लकडगंजातील लाकडाची दुकाने बंद असतात, त्यामुळे सुतार आपल्याकडे पडलेला किंवा चालू असलेल्या दुसऱ्या कामावरचा प्लाय आणतो आणि सकाळी तो भरून देण्यासाठी पुन्हा खेप करतो. सोबतचा माणूस उठवायचा, छोटा हत्ती मिळवायचा, वीज गेली असेल तर बॅटरीवरचे ड्रिल आणायचे, हे सगळे त्याच्या अंगावर पडते. यासाठी त्याने दुप्पट रोजी मागितली तर मी त्यात वावगे मानत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरी एक मिस्त्री रात्री टेप न घेताच आला, अंदाजाने प्लाय कापून आणला, तो दोन इंच आखूड निघाला आणि तिसऱ्या खेपेला पहाट झाली. तिन्ही खेपांचे भाडे मीच भरले. तेव्हापासून फोनवर बोलतानाच मी रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून इंचांत सांगतो, आणि जागेचा फोटो पाठवताना शेजारी खुर्ची ठेवतो, म्हणजे उंचीचा अंदाज चुकत नाही.

आपण सुताराला आता एवढेच विचारावे की, प्लाय किती, काच उचलण्याची मजुरी किती, रात्रीचे आणि गाडीचे किती, आणि नवी काच आल्यावर हे उतरवण्याची मजुरी यात धरली आहे की नाही. शेवटी प्लाय कोणाचे, हेही विचारावे. चार-सहा भोके पडलेला १८ मिलिमीटरचा प्लाय गोदामातील मांडणीसाठी उत्तम चालतो. तो आपला असेल तर त्याची किंमत खर्चातून वजा करावी. सुतार परत नेणार असेल तर त्याने पूर्ण किंमत लावणे बरोबर नाही.

प्रश्न : मी मनीषनगरमध्ये एका फ्लॅट स्कीममध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. मे महिन्यातील वादळात आमच्या हॉलची खिडकी चौकटीसह उखडली. खिडकी जेमतेम ५ बाय ४ फुटांची आहे. तरी ती बंद करायला सांगितलेला भाव शेजारच्या तळमजल्यावरील मोठ्या दरवाजाहून अधिक आहे. असे का? आणि घराचा विमा आहे, त्यातून हे पैसे मिळतील का?

उत्तर : उंचीमुळे. १८ मिलिमीटरच्या एका पूर्ण प्लायचे वजन साधारण ३५ किलो भरते आणि आठ फूट लांबीचा प्लाय बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही. तो जिन्याने दोन माणसांनी वळणावळणावर उभा-आडवा करत न्यावा लागतो आणि हमाली मजल्यागणिक मोजली जाते. यावर उपाय सोपा आहे : माप आधी देऊन प्लाय खालीच कापून घ्यावा, पाच बाय चारची खिडकी भिंतीवर चढवण्यासकट एका प्लायमध्ये जवळजवळ बसते आणि जी थोडी रुंदी कमी पडते ती उरलेल्या तुकड्यातून भागते. येथे १२ मिलिमीटरचा प्लाय पुरेल, म्हणजे वजनही तिसऱ्या हिश्श्याने कमी होईल.

दुसरे असे की, तिसऱ्या मजल्यावर फळी बाहेरून लावायची तर परांची हवी किंवा दोर बांधून माणूस बाहेर सोडायला हवा, आणि हा खर्च प्लायच्या कितीतरी पट होतो. जोखीम तर पैशांत मोजण्याजोगी नाहीच. फळी आतूनच बसवायला सांगावी. आतून बसवलेल्या फळीच्या वरच्या कडेतून पावसाचे पाणी झिरपते, म्हणून बाहेरच्या कडेला जाड प्लास्टिक दुमडून आधी अडकवावे आणि मग प्लाय आवळावा.

आपण पत्रात लिहिले नाही, पण मे महिना आणि हॉलची खिडकी म्हटल्यावर त्या खिडकीत कूलर असणार असे मी धरून चालतो. नागपुरात उन्हाळ्यात ही खिडकी बंद करायची म्हणजे आधी कूलरचे पाणी काढणे, ताट्या सोडवणे, पंपाची वायर वेगळी करणे आणि मग लोखंडी स्टँडचे बोल्ट सोडवणे आले. चौकट उखडली असेल तर स्टँड कशावर टेकले आहे हे आधी पाहावे. मिस्त्रीने भाव वाढवून सांगण्याचे निम्मे कारण कदाचित हेच असेल. वायर सोडवून कूलर खाली उतरवण्याचे काम आपण आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले तर सुताराचे काम तासाभराचे उरते. आणखी एक सूचना : वादळाच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या शहराला सुतार हवा असतो. खोलीचे दार बंद करून आणि खिडकीला ताडपत्री आवळून दोन दिवस निभावता येत असतील, तर तेवढे थांबल्याने मजुरी निश्चित उतरते. तिसऱ्या मजल्यावर ही सवड घेता येते, तळमजल्यावर घेऊ नये.

विम्याविषयी. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक आहे आणि तीत वादळाने झालेले नुकसान येते. मलबा हटवण्याचा वाजवी खर्चही तीत दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. याच पॉलिसीतील एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे : विमा असलेल्या घटनेमुळे झालेली चोरी ही त्या घटनेपासून ७ दिवसांच्या आत झाली तरच गृहीत धरली जाते. उघडी खिडकी आठवडाभर तशीच ठेवली आणि नवव्या दिवशी घरातून काही गेले, तर या कलमाचा आधार राहत नाही. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे हीदेखील विमाधारकाचीच जबाबदारी असते. म्हणून फळी लावण्यापूर्वी आतून-बाहेरून फोटो काढावेत, कंपनीला लगेच कळवावे, उखडलेली चौकट विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भंगारात देऊ नये, आणि बिल पक्के घेऊन त्यात मलबा उचलण्याचा व फळी लावण्याचा खर्च स्वतंत्र लिहून घ्यावा. ‘खिडकीचे काम’ असे दोन शब्द लिहिलेल्या चिठ्ठीवर कोणताही सर्व्हेअर पैसे मंजूर करणार नाही.

प्रश्न : इतवारीत जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर माझे भाड्याचे दुकान आहे. मागील बाजूचे लाकडी दार चोरट्यांनी फोडले. मी लोखंडी पत्रा मारून ते बंद केले. घरमालक म्हणतात, दुकान तुम्ही वापरता, खर्चही तुम्हीच करा. हा खर्च भाड्यातून कापता येईल का?

उत्तर : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा चांगल्या, राहण्याजोग्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर असते; याविरुद्ध लेखी करार झाला असेल तर मात्र तो करार पाहावा लागतो. घरमालकाने दुरुस्ती टाळली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, त्यानंतर दुरुस्ती स्वतः करून तो खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

अडचण उघड आहे : फोडलेले दार पंधरा दिवस कोणी उघडे ठेवत नाही. म्हणून मारलेला पत्रा आणि नवे दार हे दोन खर्च आपण वेगळे ठेवावेत. पत्र्याच्या खर्चावरून घरमालकांशी वाद घालत बसण्यापेक्षा नव्या दाराची नोटीस आजच स्पीड पोस्टाने पाठवावी, सोबत एफआयआरची प्रत जोडावी (ती फिर्यादीला मोफत मिळते) आणि नोटिशीत तात्पुरत्या कामाची रक्कमही नमूद करावी. भाडे कापण्यापूर्वी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण आपला करार मी पाहिलेला नाही.

पत्र्याबद्दल एक गोष्ट. जुन्या वाड्यांच्या भिंती माती-चुन्यातल्या असतात आणि त्यांत प्लग धरत नाही; मिस्त्री भोके मोठी करत जातो आणि भिंतच ढिसाळ होते. अशा ठिकाणी पत्रा भिंतीला न ठोकता जुन्या सागवानी चौकटीला आवळावा, किंवा आतून बल्ली आडवी देऊन तिच्यावर घ्यावा. दोनचार दिवसांचाच प्रश्न असेल तर बल्ल्या आणि टिनाचे पत्रे जवळच्या बिछायत केंद्रातून रोजच्या भाड्याने घेणे विकत घेण्याहून पुष्कळ स्वस्त पडते. मांडवाचा माणूस ते बांधूनही देतो, परंतु त्याची सवय दोरीने बांधण्याची असते. बोल्ट आवळून घेण्याकडे आपणच लक्ष द्यावे.

प्रश्न : आम्ही अंबाझरी ले-आउटमध्ये तळमजल्यावर राहतो. आमच्या हॉलला अंगणाच्या बाजूने दोन मोठी काचेची सरकती दारे आहेत. ऐनवेळी धावपळ आणि जादा खर्च नको म्हणून मापाचे प्लाय आधीच कापून ठेवावेत का?

उत्तर : वादळासाठी ठेवायचे असतील तर अवश्य ठेवावेत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर लोक असेच करतात. तेथील बांधकाम नियमांत या कामासाठी किमान ७/१६ इंच, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटर जाडीची फळी सांगितली आहे. दिवसाढवळ्या, शांतपणे, एकदाच माप घेऊन कापलेल्या प्लायला रात्रीचा आकार नाही, जादा खेप नाही आणि नासधूसही नाही. भिंतीत बोल्टांची भोके आताच पाडून त्यांत स्क्रूसह प्लग बसवून ठेवावेत.

मात्र आपल्या पत्त्यावरून मला शंका येते की, आपल्या मनात वारा नसून पाणी आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि आपल्या भागातील घरांत पाणी शिरले. तशा पाण्यासमोर प्लाय उपयोगाचा नाही. तो वारा अडवतो, उडून आलेला पत्रा अडवतो, माणसाचा हात अडवतो. पाणी त्याच्या खालून आणि कडांमधून आत येते आणि बाहेर पाणी साचत गेले तर फळीसकट दार आत ढकलले जाऊ शकते. शिवाय दारे बाहेरून बोल्टने बंद केलेल्या घरातून पाणी चढत असताना बाहेर पडणे अवघड होते, म्हणून दोहोंपैकी एक दार तरी आतून उघडता येईल असेच ठेवावे. पाण्यासाठी उंबऱ्यापाशी रबरी पट्टीसह बसणारी लोखंडी अडणी (पाणी अडवणारी आडवी फळी) फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावी. तिचा खर्च प्लायच्या हिशेबात मिसळू नये.

कापलेल्या प्रत्येक फळीवर ‘डावे दार, वर’ असे रंगाने लिहून ठेवावे आणि फळ्या गच्चीवर न ठेवता घरात आडव्या, सपाट ठेवाव्यात. नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात उभ्या टेकवलेल्या फळ्या पावसाळ्यापर्यंत पिळवटतात आणि मग एकही बोल्ट भोकासमोर येत नाही.